डिकीखालचा टर्बो

“आता एक अक्षर बोलायचं नाही,” बाबांनी लेकीला बजावलं आणि गाडी सुरू केली.

लेकीने ओठ घट्ट मिटले. गॅरेजचा नियमच होता तसा, आणि तो बाबांनीच घालून दिलेला. ज्याने काम केलं, त्याने गाडी चालवून दाखवायची नाही. चालवणार दुसरा, आणि काम करणारा शेजारी गप्प बसणार. गिऱ्हाइकाच्या शेजारी रोज सूचना द्यायला कोण बसतं? मागच्या सीटवर वजनाला म्हणून आई होती आणि साक्षीला शेजारचे शिंपीकाका. शिंपीकाका आल्यामुळे खरं तर वजनाचाही प्रश्न सुटला होता.

पैज साधी होती आणि ती लागून दोन आठवडे झाले होते. शाळेकडे जाणारा चढ, चार माणसं, तिसरा गिअर. गिअर न बदलता गाडी वर पोचली, तर गॅरेजच्या किल्ल्या लेकीच्या. नाही पोचली, तर टर्बो उतरवायचा आणि यापुढे बाबा म्हणतील तसंच काम करायचं. संधी एकच.

भांडण टर्बोशी नव्हतंच. इंजिनातून निघणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा तो पंखा बाबांनाही आवडायचा. भांडण होतं जागेचं. सव्वीस वर्षांच्या त्या गाडीच्या बॉनेटखाली लिंबू ठेवायलाही जागा नव्हती. म्हणून लेकीने टर्बो थेट मागे, डिकीखाली, सायलेन्सरच्या जागी बसवला. बाबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“इंजिन पुढे आणि हवा येणार मागून? स्वयंपाकघर अंगणाच्या टोकाला नेलंस की गं! ताट येईपर्यंत जेवणारा झोपायचा.”

“पण बॉनेटखाली भट्टी होत नाही, बाबा. एवढ्या लांब पाइपातून येताना हवाही गार होते. आणि इंजिन खोलावं लागलं नाही.”

“आणि खड्ड्यातलं पाणी? उडणारे दगड? ऑइल परत पुढे आणायला आणखी एक पंप लावलास, तो बिघडला म्हणजे?”

लेकीने जाळी लावली, पत्रा लावला, पंप दोनदा तपासला. सगळ्यावर उपाय सापडला, एका गोष्टीवर नाही. ॲक्सिलरेटर दाबल्यावर तीन आकडे मोजून होईपर्यंत जोर येतच नसे. म्हणजे चढ लागायच्या आधीच, सपाटीवर असतानाच पाय दाबायला हवा. हे तिला ठाऊक होतं. बाबांना नव्हतं, आणि त्यांना सांगायची सोय नव्हती.

त्यात भर म्हणून पेट्रोलची टाकी गळत होती. गॅरेज घरापासून दोन गल्ल्यांवर, गाडी तिथेच उभी असे. संध्याकाळी काटा असायचा तिथे तो सकाळी नसायचा. ती तीनदा गाडीखाली शिरली, पण थेंबही सापडला नाही. बाबांना विचारलं, तर “तुझं काम, तू बघ” म्हणून ते हात वर करत. बाबा तेव्हा नुकतेच पहाटेचं फिरून आलेले असत, अगदी खुशीत. पैज लागल्यापासून ते रोज तासभर चालायला जातात, याचं आईला कोण कौतुक! एवढं चालून पोट कसं उतरत नाही, तेवढंच तिला कळत नव्हतं.

बेकरी मागे पडली. समोर चढ दिसू लागला. लेकीची नजर रस्त्याकडेच्या टपालपेटीवर खिळली. तिच्या हिशेबाने पाय तिथे दाबायला हवा होता. चढाच्या तोंडाशी दाबला की संपलं, गाडी अर्ध्यावर धापा टाकणार. सहा महिन्यांची मेहनत आता बाबांच्या उजव्या पायात होती. तिने मुठी आवळल्या. जीभ नुसती वळवळत होती, पण तिने नियम मोडला नाही.

टपालपेटी आली. बाबांनी पाय दाबला.

काहीच झालं नाही. गाडी आपली रमतगमत चालली होती. बाबांचे ओठ मात्र हलत होते. एक. दोन. तीन.

चढ सुरू झाला आणि डिकीखालून बारीक शिट्टी वाजली. कुणीतरी मागून ढकलावं तशी गाडी उसळली. शिंपीकाकांचा चष्मा कपाळावर गेला. “अगं बाई!” आई ओरडली आणि मग हसतच सुटली. शाळेची भिंत, फाटक, घंटा, सगळं भराभर मागे गेलं. गिअर तिसराच होता. गाडी माथ्यावर पोचली, तेव्हा शिंपीकाका लहान मुलासारख्या टाळ्या पिटत होते.

बाबांनी गाडी थांबवली आणि खिशातून किल्ल्या काढून लेकीच्या ओंजळीत ठेवल्या. हसावं की रडावं तिला कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं.

“बाबा,” डोळे पुसत ती म्हणाली, “टपालपेटीपाशी पाय दाबायचा, हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

बाबा आरसा पुसू लागले. आरसा चांगला स्वच्छ होता.

“टाकी गळत नाहीये,” ते म्हणाले.

मागे आईचं हसू एकदम थांबलं. “म्हणजे रोज पहाटे तुम्ही ही गाडी घेऊन...? तरीच म्हटलं पोट का उतरत नाही!”

“पहिल्या पहाटेच गाडी अर्ध्या चढावर बंद पडली होती,” बाबा लेकीकडे न बघता म्हणाले. “पैज मी तेव्हाच जिंकलो होतो. हरायचं शिकायला मात्र दोन आठवडे लागले.”