मूळ रहिवासी

नागपूरच्या महाल भागातले गिरिधरराव निवृत्तीनंतर घरबसल्या अमेरिकन लोकांच्या वंशावळी जुळवून देतात. परवा मोंटानाच्या मॅकफर्सन घराण्याचं काम हातावेगळं झालं. पहिला मॅकफर्सन स्कॉटलंडहून जहाजानं आला, बैलगाडीनं रानात शिरला आणि दिसेल त्या जमिनीला कुंपण घालून मोकळा झाला. आता त्याचा खापरपणतू कळवतो, वंशावळीवर ठळक अक्षरांत लिहा, 'इथले मूळ रहिवासी'!

"अवं, ऐकलं का?" हसता हसता गिरिधररावांच्या बशीतला चहा सांडला. "तिथं पहिलेपासून राहणारे लोक काय पाहुणे होते? कालचे आले अन् मालक बनून राहिले!"

त्यांच्या पत्नी यमुताई काही बोलणार, तेवढ्यात वरची भाड्याची खोली बघायला उइके मॅडम आल्या. गिरिधररावांनी मिशी पुसली.

"हे पहा मॅडम, आम्ही अस्सल नागपूरकर. आमचे पूर्वज भोसल्यांसोबत इथं आले. बाहेरच्यांना आम्ही खोली देत नाही. तुम्ही कुठल्या?"

"इथल्याच जी. आम्ही गोंड. भोसले यायच्या आधी इथं आमचंच राज्य होतं."



"म्हणजे बाहेरच्याच ना!" म्हणत गिरिधररावांनी दाराला कडी लावली.