फक्त बदललेली पानं

अंधेरीच्या त्या ऑफिसात सॉफ्टवेअरच्या मॅन्युअलमध्ये एक शब्द जरी बदलला, तरी कॉम्प्युटर तीन हजार पानं नव्याने बनवत बसायचा. त्या बिल्डला चाळीस मिनिटं लागायची. निहारने महिनाभर डोकं लावलं आणि आता फक्त बदललेली पानं बनू लागली, तीही मिनिटभरात. राजेश सरांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली.

मॅन्युअल लिहिणारी अबोली मात्र गप्पच होती. निहारला ते लागलं.

"तुझाच वेळ वाचवला ना गं? रोज तीन वाजता बिल्ड लावून बसून राहावं लागायचं तुला."

"बसत नव्हते रे. खालच्या पाळणाघरात जायचे. मुलगी अजून अंगावर पिते. बिल्ड चालू असला की कुणी काही विचारायचं नाही."

दुसऱ्या दिवशी तीन वाजता निहारच तिला म्हणाला, "तू जा. सरांना मी सांगतो."

पाचच मिनिटांत सर आले आणि रिकामी खुर्ची बघून थांबले.

"बिल्ड चालू आहे का?"

"नाही सर, बिल्ड कधीच झाला," निहार म्हणाला. "अबोली मुलीला पाजायला गेलीय. रोज या वेळेला जाईल."