नानाजीला कळेपर्यंत

शालिकराम धंतोलीच्या दवाखान्यात वारला आणि त्याला तिथूनच परस्पर घाटावर नेलं. घरी त्याचा बाप नानाजी, डोळ्यांनी आंधळा आणि छातीने अधू. हा धक्का त्याला सोसला नसता. म्हणून शेजारचा वामनराव रोज येऊन शालिकरामच्या हातमागावर बसू लागला. तुमच्या पोराचा घसा बसलाय, बोलता येत नाही, असं सून गोपिकाने नानाजीला सांगून टाकलं.

गल्लीतल्या बाया गोपिकाच्या बांगड्या फोडायला आल्या, तेव्हा म्हाताऱ्या भागीरथाबाईने त्यांना दारातच अडवलं. "बांगड्या वाजल्या नाई तर नानाजीले समजीन. त्याले कळेपर्यंत राहू द्या तिच्या हातात."

नानाजी रोज दुपारी बाजेवरून विचारायचा, "शालिक जेवला काय वं?" गोपिका पदर तोंडाशी धरून "हो" म्हणायची. महिना झाला, आणि एका दुपारी ते "हो" तिच्याने म्हणवेना. ती बाजेपाशी येऊन बसली. "मामाजी, तुमाले एक सांगायचं हाये."

नानाजीने चाचपत तिचं मनगट धरलं आणि बांगड्या मुठीत दाबल्या.

"सांगू नको, पोरी," तो कुजबुजला. "मागाचा ठोका माह्या पोराचा नाही, हे मले पहिल्याच दिवशी समजलं. पण मले समजलं हे त्या बायाले समजलं, तर त्या उद्याच येतील."

मग गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात त्याने विचारलं, "शालिक जेवला काय वं?"