गेटवर की स्टेजजवळ?

धंदेवाल्यांना माल कसा विकायचा हे शिकवणं माझा पेशा. काळाचौकीतल्या आमच्या गणपती मंडळाचा मी अध्यक्ष, म्हणून मंडळाच्या पोरांनाही ती विद्या फुकट दिली. त्यात दीपेश सगळ्यात हुशार. जाहिराती मागायला जाताना त्याला मुद्दाम सोबत न्यायचो.

"शेठला ‘बॅनर देणार का’ असं कधी विचारायचं नाही रे," मी त्याला सांगायचो. "सरळ विचारायचं, बॅनर गेटवर लावू की स्टेजजवळ? माणूस जागा निवडत बसतो आणि नाही म्हणायचं विसरून जातो."

यंदा मंडळाचं पन्नासावं वर्ष. या वर्षी पहिल्या आरतीचा मान अध्यक्ष म्हणून आपला, हे मी कधीपासून मनाशी धरून होतो. मीटिंगला पोचलो तर पोरांनी माझ्यासाठी खुर्ची पुसून ठेवलेली, स्पेशल चहा मागवलेला. मला भरूनच आलं.

दीपेश वाकून पाया पडला. म्हणाला, "गंगाधरकाका, नव्या अध्यक्षाच्या हस्ते तुमचा मोठा सत्कार करायचाय. पाद्यपूजनाला ठेवू की विसर्जनाच्या आदल्या दिवशी?"



"पाद्यपूजनालाच ठेव, मूर्तीचं काम सुरू होताना सगळी जुनी माणसं येतात," मी पटकन बोलून गेलो. टाळ्या पडल्या, आणि तेव्हा कुठे तो प्रश्न मला ओळखू आला.