काचेतल्या बाईंचं बोलावणं

एकोणपन्नास साली दौलतरावांनी उल्हासनगरच्या कॅम्पातल्या भंगारवाल्याकडून रंगीत जर्मन काच आणली आणि बदलापूरच्या घरी खिडकीत बसवली. काचेत एक गोरी बाई टेबलाशी बसलेली, समोर रिकामी खुर्ची.

"घरात आलेली बाई बिनकुंकवाची कशी ठेवायची?" म्हणत त्यांच्या बायकोने, बकुळाने, काचेलाच कुंकू लावलं.

दुसऱ्या दिवशी बकुळा हिरवं लुगडं नेसून तयार. "आज त्यांनी मला बोलावलंय. हळदीकुंकवाला."

"जा की," दौलतराव हसले, "पण भात टाकून जा."

ते शेतावरून परतले तेव्हा भात गरम होता, घर रिकामं होतं. काचेतल्या खुर्चीत हिरव्या लुगड्यातली पाठमोरी बाई बसली होती.

"अगं ए, वळ की!"

तोंड बघायला ते धावत अंगणात गेले आणि काचेच्या मागच्या बाजूने पाहिलं.

तिकडूनही पाठच दिसली.