सहा खाचा मागे

गॅरेजमधल्या कारागिराने गाडीला लॅपटॉप जोडला आणि बाकावर बसलेले अण्णा पडद्याकडे बघायचं टाळू लागले.

विजेवरच्या या गाडीने दीड महिना घरात नुसता उच्छाद मांडला होता. चार दिवस शहाण्यासारखी चालू व्हायची आणि पाचव्या दिवशी बटण दाबलं तरी ढिम्म. तेही नेमकं सुनेच्या ड्यूटीच्या वेळी. सून नर्स. तीनदा वॉर्डात उशिरा पोहोचली आणि काल तिच्या हातात लेखी ताकीद पडली. आणखी एकदा उशीर झाला, तर नोकरीत कायम होणं विसरायचं. मुलाचं निदान मात्र पहिल्या दिवसापासून तयार होतं. "तू नीट बंद करत नाहीस," असं तो बायकोला उठता-बसता ऐकवायचा. "करते रे," ती म्हणायची. अशा वेळी अण्णा वर्तमानपत्रात डोकं खुपसायचे.

"मोठी बॅटरी ठणठणीत आहे," कारागीर म्हणाला. "पण गाडीला जागं करते ती ही छोटी. आधीच जुनी झालीये, त्यात रोज कुणीतरी हिला उतरवतंय." त्याने पडदा मुलाकडे वळवला. "हे बघा. रोज दुपारी पावणेदोनला ड्रायव्हरचं दार उघडतं. ब्रेकवर पाय न ठेवता नुसतं बटण दाबलं जातं. मग कधी वीस मिनिटं, कधी दीड तास गाडी जागीच. ज्या दिवशी दीड तास, त्या दिवशी बोंब."

"जागी म्हणजे? आवाज नाही का येणार?"

"इंजिनच नाही साहेब, आवाज कुठून येणार?"

अण्णांनी मान खाली घातली. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या गाड्या चालवल्या होत्या. घरघरतेय तर चालू, गप्प आहे तर बंद, एवढाच हिशोब त्यांना ठाऊक होता. पुढे डोळ्यांनी दगा दिला, लायसन्स गेलं, हात मोकळे झाले. सून ड्यूटीआधी जरा आडवी झाली की ते खुंटीवरची किल्ली घेऊन हळूच खाली उतरायचे. सीट सहा खाचा मागे. आरसा. बटण. मग स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत बसायचे. जायचं कुठेच नसायचं. निघताना सीट मोजून सहा खाचा पुढे. मालकाची सीट स्वतःच्या मापावर सोडून उतरणारा ड्रायव्हर त्यांच्या लेखी ड्रायव्हरच नव्हता.

आणि हे सगळं एक वेळ सांगता आलं असतं. पण पंधरा दिवसांपूर्वी त्यांना शंका आली होती. म्हणून ते दोन दिवस गाडीकडे फिरकले नाहीत, आणि दोन्ही दिवस गाडी एका बटणात चालू झाली. तिसऱ्या दिवशी ते पुन्हा जाऊन बसले. ही गोष्ट सांगायची कोणत्या तोंडाने?

"दुपारी गाडीत कोण बसतं?" मुलाने शेजारी उभ्या बायकोकडे पाहिलं. "तू?"

सुनेने पर्सचा बंद उगाच सारखा केला. "हो, मीच. घरात उकडतं. जरा वेळ बसते."

"घ्या," मुलगा कारागिराला म्हणाला. "मी काय म्हणत होतो? स्वतःच करायचं आणि वर दीड महिना माझ्याशी वाद घालायचा."

कारागीर केबल गुंडाळू लागला. गप्प राहिलं तर निभावून जाईल, असं अण्णांच्या मनात आलं. निभावलंही असतं. त्या विचाराचीच त्यांना इतकी लाज वाटली की कानशिलं तापली. बाकाला धरून ते उठले.

"ती नाही. मी बसतो."

"अण्णा, तुम्ही उगाच तिला पाठीशी घालू नका. तुम्हाला ते बटण तरी माहीत आहे का?"

"सीट सहा खाचा मागे घेतो. उतरताना सहा पुढे," अण्णा म्हणाले. "मोजून."

अण्णा सुनेकडे वळले, पण नजर तिच्या चपलांपर्यंतच पोहोचली.

"पोरी, माझ्यामुळे होतंय हे मला पंधरा दिवस कळत होतं. तरी बसत राहिलो. तुला बोलणी खाऊ दिली."

कारागिराने लॅपटॉप मिटला आणि तो काहीतरी आणायला म्हणून आत निघून गेला.

"मला वाटलं, नुसतं बसल्याने गाडीचं काय जातंय," सून शेवटी म्हणाली.

अण्णांनी दचकून वर पाहिलं. "तुला ठाऊक होतं?"

"सीट तुम्ही अगदी बरोबर लावायचात, अण्णा. आरसा तेवढा तुमच्याच मापावर राहायचा. दीड महिना, ड्यूटीला निघताना त्यात मला नुसतं छत दिसायचं."