बिनकडीचं दार

राहुरीच्या स्पीच थेरपीवाल्या मॅडमनी गृहपाठ दिला, "पोरगी ‘उघड’ म्हणेपर्यंत दार उघडायचं नाही." बिभीषणआबा मान डोलावून घरी आले, तेव्हा ध्यानात आलं, की घर शनिशिंगणापुरात, चौकटीला दारच नाही. पाच वर्षांच्या नातीचे शब्द डोक्यातून तोंडापर्यंत येताना वाट चुकत, पाय तर जागेवर ठरतच नसत. शेवटी आबाच हात पसरून चौकटीत उभे राहिले. महिनाभर ती तंगड्यांखालूनच ये-जा करी. "आबा, कडी कुठं बसवली?" शेजारी विचारत. आबा गप्प, दारं बोलत नसतात. आज मात्र तिनं आत शिरून आबांचे हात चौकटीला टेकवले, ओठ पुन्हापुन्हा जुळवले आणि म्हटलं, "बंद!" आजी हंडा घेऊन आली. "सरका की वो!" दार पहिल्यांदाच बोललं, "नातीनं बंद केलंय." आजीनं हंडा उतरवला. "ऱ्हाऊ द्या बंद. बसते मी भायेर."